दोन स्टॉप अंडर

फोटोग्राफीच्या एका बैठकीत पडद्यावर दक्षिण आफ्रिकेतील छायाचित्रकार झनेले मुहोली यांचं एक स्वचित्र लावलं होतं. कृष्णधवल फोटो, चेहरा गडद काळा, आणि त्या काळ्यातून थेट समोर रोखलेले डोळे. खोली क्षणभर गप्प झाली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी सरळ मनाने म्हणालं, "छान आहे, पण दोन स्टॉप अंडर आहे." म्हणजे हवा त्यापेक्षा उजेड कमी पडलाय, कारण एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. स्लाइड बदलली, चर्चा पुढे गेली. ते वाक्य मात्र पुढे जाईना. बोलणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचा, डोंगर डावीकडे, अंधाराकडे, सरकलेला दिसला की फोटो बिघडला, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. पण किती उजेड हा बरोबर उजेड, हे ठरवलं कुणी आणि कोणाचा चेहरा समोर ठेवून? हा प्रश्न घेऊनच रानात स्वतःचा फोटो काढणाऱ्या कृष्णवर्णीयांकडे बघू.

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. साधारण 18 टक्के उजेड परत पाठवणारा करडा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना पायऱ्या देणाऱ्या झोन पद्धतीत हा करडा पाचव्या पायरीवर बसतो, आणि गोऱ्या माणसाचा चेहरा सहाव्या पायरीवर ठेवा असं पाठ्यपुस्तकांत सांगितलेलं असतं. गडद तपकिरी त्वचा चौथ्या पायरीच्या आसपास, खूप गडद असेल तर तिसऱ्याच्या वर कुठेतरी बसते, याचा उल्लेख आला तर ओझरता. रंगीत फिल्मचं तर अजून स्पष्ट होतं. 1950च्या दशकापासून अमेरिकेतल्या लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅककडून एका गोऱ्या तरुणीचा फोटो जायचा. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची त्वचा नीट आली की मशिन नीट लागलं. गडद चेहऱ्यांच्या तक्रारी बरीच वर्षं कुणी मनावर घेतल्या नाहीत. गडद तपकिरी छटा फिल्ममध्ये सुधारल्या त्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी कुरकुर केल्यानंतर, असं कोडॅकच्याच जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय. हे वाचून आजही पोटात कालवतं.

मुहोली यांनी 'सोमन्यामा न्गोन्यामा' ही मालिका 2012 मध्ये सुरू केली. नावाचा अर्थ, काळ्या सिंहिणीचा जयजयकार. यातल्या फोटोंत कॉन्ट्रास्ट मुद्दाम चढवलेला आहे, त्वचा आहे त्याहून गडद केलेली आहे. आई बेस्टर घरकाम करायची, म्हणून तिच्या नावाच्या एका फोटोत केसांत कपडे वाळत घालायचे चिमटे खोवलेले दिसतात. मुहोली ज्या दक्षिण आफ्रिकेत 1972 मध्ये जन्मले तिथे काळ्या माणसाला पासबुकाशिवाय शहरात फिरता येत नव्हतं, आणि पासबुकात फोटो लागायचा. तो फोटो चटकन काढून देणारी यंत्रणा पोलरॉइडची होती. 1970 मध्ये अमेरिकेत त्याच कंपनीतल्या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, कंपनी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडायला 1977 उजाडलं. ओळख पटवायला स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो जवळ बाळगावा लागायचा, असा ज्या देशात कायदा होता, तिथला माणूस स्वतःचा चेहरा स्वतःच्या हाताने गडद करतो. तिथे दोन स्टॉपचा हिशेब कसा लावायचा?

आणि हाच चेहरा भिंतीसमोरून उचलून झाडांत नेला, की सगळं अवघड होतं.

झाडीत कॅमेरा दोन उलट दिशांनी चुकतो. पहिली चूक दूरच्या चौकटीत होते. माणूस लहान, भोवती पानं, वर फांद्यांतून फुटलेलं पांढरं आकाश. मीटर आकाशाला घाबरून सगळाच उजेड कमी करतं आणि चेहऱ्याची नुसती आकृती उरते. दुसरी चूक जवळच्या चौकटीत होते. गडद त्वचेने चौकट भरली की मीटर तिला ओढून मधल्या करड्यावर आणतं. मग त्वचा राखाडी, धुरकट, जणू भस्म फासल्यासारखी दिसते आणि मागची पानं पांढुरकी होऊन जातात. मोबाइल तर यात तिसरी भर घालतो. त्यातली एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीतला फरक आपणहून कमी करणारी सोय, चेहरा शोधून तो उजळते आणि कपाळावरची, गालाखालची सावली पुसून टाकते. मोबाइलवर उपाय म्हणजे चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करायचं आणि पट्टी थोडी खाली ओढायची. कॅमेऱ्यावर स्पॉट मीटरिंग, म्हणजे चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्याचंच माप, घ्यावं, गालाच्या उजेडाकडच्या बाजूचं माप घ्यावं आणि आलेल्या आकड्यापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी द्यावं. हातातलं इन्सिडेंट मीटर असेल तर सोनं. त्याचा पांढरा घुमट हनुवटीपाशी धरून कॅमेऱ्याकडे वळवायचा. ते पडणारा उजेड मोजतं, परत आलेला नव्हे, त्यामुळे प्रत्येक त्वचा तिच्या स्वतःच्या पायरीवर जाऊन बसते. यात कोणाच्या रंगाविषयी काही धरून चालावं लागत नाही, म्हणून हे उपकरण फार आवडतं.

पण माणूस त्या झाडीत उभाच का राहतो, हा प्रश्न उजेडाच्या आधीचा आहे. छायाचित्रकार इन्ग्रिड पोलार्ड यांचा जन्म गयानातला, लहानपणीच त्या इंग्लंडला आल्या. 1987-88च्या त्यांच्या 'पास्टोरल इंटरल्यूड' या मालिकेत हाताने रंगवलेले फोटो आहेत आणि खाली मजकूर. एका फोटोत दगडी कठड्यावर एक कृष्णवर्णीय स्त्री बसलीय, मांडीवर कॅमेरा, मागे कुंपण आणि त्याच्या पलीकडे इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागाचा तो सुप्रसिद्ध हिरवा उतार. मालिका काटेकोर अर्थाने स्वचित्रांची नाही, पण खालचा मजकूर 'मी'च्या आवाजात बोलतो. एकट्याने ढगासारखं भटकण्याची वर्ड्सवर्थची ओळ आपण शाळेत घोकली. पोलार्ड ती ओळ वळवतात आणि गोऱ्यांच्या समुद्रातला एक काळा चेहरा म्हणून एकटं भटकल्याचं सांगतात. गावाकडे जायचं तर सोबत अस्वस्थपणा येतोच, भीती येते. निसर्गात गेल्यावर मन मोकळं होतं हे आपण किती सहज म्हणतो! व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कमध्ये 1939 मध्ये लुइस माउंटन हा भाग कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढून दिला होता. डोंगर तोच, हवा तीच, तंबू ठोकायची जागा निराळी. अमेरिकेच्या दक्षिणेत मोठ्या झाडाची फांदी ही कित्येक घरांना झुल्याची आठवण नसून जमावाने कृष्णवर्णीयांना दिलेल्या फासाची आहे. आणि हे सगळं जुनं म्हणावं, तर 25 मे 2020ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हे कृष्णवर्णीय गृहस्थ पक्षी बघत होते. कुत्र्याला साखळी घाला एवढंच त्यांनी एका गोऱ्या बाईंना सांगितलं, आणि बाईंनी पोलिसांना फोन लावला. हातात दुर्बीण असलेला माणूस! म्हणून कुणी कृष्णवर्णीय स्त्री ट्रायपॉड खांद्यावर टाकून एकटी रानात जाते, स्वतःला चौकटीत उभं करते, तेव्हा ते छंद म्हणून बघून सोडून देता येत नाही.

एकटीने हे करायचं म्हणजे कामं बरीच. फुल-फ्रेम कॅमेरा, 35 किंवा 50 मिमी लेन्स. त्याहून लांब लेन्स लावली की माणूस ठसठशीत येतो पण जमीन हरवते, आणि इथे जमीन हवीच आहे. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला सामानाची पिशवी लटकवायची, नाहीतर ओल्या मातीत एक पाय हळूच खचतो आणि दहा फ्रेमनंतर क्षितिज तिरपं झालेलं कळतं. उभं राहायच्या जागी एक काठी रोवायची, ऑटोफोकस तिच्यावर घ्यायचा आणि लगेच मॅन्युअलवर टाकायचा. हे विसरलं की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला नव्याने फोकस शोधतो, आणि गडद चेहरा व हलती पानं यांत तो पानांना पसंती देतो, कारण त्याला कडा आणि कॉन्ट्रास्ट लागतो. 50 मिमीवर 4 मीटर अंतराला लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ 8 ठेवलं तर साधारण 2.9 ते 6.5 मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट राहतं, पाऊल मागेपुढे झालं तरी चालतं. तेच एफ 2 वर केलं तर हातात जेमतेम पाऊण मीटर उरतो. काठी काढून जागेवर एक दगड ठेवायचा, तो पावलाखाली झाकला जातो. एक्स्पोजरही मॅन्युअलच हवं, कारण रिकाम्या चौकटीत माणूस शिरला, त्यातून गडद कपड्यांत, की ऑटो लगेच उजेड वाढवतं. सेल्फ-टायमरच्या दहा सेकंदांत धावत येऊन उभं राहिलं की छाती धपापत असते आणि खांदे वर चढलेले असतात. ते फोटोत दिसतं. त्यापेक्षा ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर लावावा, दर पाच सेकंदांनी एक फ्रेम, आणि शटर विसरून जावं. विसाव्या-पंचविसाव्या फ्रेमपासून शरीर पोज देणं सोडतं, वजन एका पायावर येतं, हात जिथे असायला हवेत तिथे पडतात.

खरी फ्रेम बहुधा त्यानंतरची असते.

त्वचेची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण इथेच बहुतेक फोटो फसतात. फिकट त्वचा आतून उजेड पसरवते, त्यामुळे तिचा आकार सावल्यांनी कळतो. गडद त्वचेचा आकार कळतो तो मुख्यतः वरच्या चकाकीने. ती चकाकी म्हणजे समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब असतं. निळं आकाश वर असेल तर कपाळावर निळसर झाक येते, पानांखाली उभं राहिलं तर गालावर हिरवी. भर दुपारी झाडाखाली कवडसे पडतात तेव्हा उजेड आणि सावली यांत तीन-चार स्टॉपचा फरक असतो. नाकावर एक पांढरा डाग आणि डोळे गायब, असा फोटो येतो. म्हणून सकाळचा पहिला तास, किंवा एकसारखं ढगाळ आभाळ. रानाच्या आत न जाता कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं राहावं. दोन-तीन मीटर बाहेर सरकलं तरी हिरवी झाक बरीच कमी होते. तरी राहिलीच तर ज्या बाजूने हिरवा उजेड उसळतोय तिथे चौकटीबाहेर काळं कापड टांगायचं, आणि समोरून साधा पांढरा थर्माकोलचा पत्रा, मीटरभराचा. चंदेरी रिफ्लेक्टर नको, त्याने चकाकी कडक होते. कॉम्प्युटरवर हिरवेपणा काढायला आख्ख्या फोटोला मॅजेंटा (गुलाबी-जांभळा रंग) दिला तर पानं मेल्यासारखी दिसतात. फक्त त्वचेचा भाग निवडून (मास्क करून) तिथेच थोडा द्यावा.

तेलाचंही तसंच. कोरडी त्वचा फोटोत करडी दिसते, म्हणून शिया बटर किंवा खोबरेल लावतात, पण तळहातावर चार-पाच थेंब पुरे. गालाचं हाड, गळ्याचं हाड, खांद्याचा गोल भाग, नडगी. जिथे उजेड आकार सांगणार आहे तिथेच. सगळीकडे चोपडलं की चकाकीचे ठिपके पडतात आणि त्या ठिपक्यांतला तपशील रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ न प्रक्रिया केलेल्या फाइलमधूनही, परत मिळत नाही. निसर्गचित्रं काढणारे सवयीने पोलरायझर हा फिल्टर लावतात, पानांवरची पांढरी तकाकी जाऊन हिरवा गहिरा होतो म्हणून. पण तो त्वचेवरचीही तकाकी खातो. पानं सुंदर आणि माणूस सपाट. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच. लावायचाच तर चेहऱ्याकडे बघत अर्ध्यावर फिरवून थांबावं.

कृष्णधवलात एक वेगळाच पेच आहे. तपकिरी त्वचा आणि हिरवं पान रंगात किती लांब! पण करड्या छटेत दोन्ही जवळजवळ एकाच पायरीवर उतरतात आणि माणूस झाडीत विरून जातो. काहींना तेच हवं असतं, देह आणि झाड एकच व्हावं म्हणून. नको असेल तर फिल्मवर नारिंगी किंवा लाल फिल्टर लावायचा, डिजिटलमध्ये लाल चॅनेल वर आणि हिरवा खाली. त्वचेत लाल भरपूर असतो, ती उजळते, पानं गडद होतात. हिरवा फिल्टर लावला की नेमकं उलट होतं, पानं फिकट आणि माणूस काळा. म्हणजे गडद त्वचेला किती गडद ठेवायचं याची दोरी शेवटी आपल्याच हातात असते, मीटरच्या नाही. अमेरिकी छायाचित्रकार कॅरी मे वीम्स यांनी 2006च्या 'रोमिंग'मध्ये पेच वेगळ्या रीतीने सोडवला. लांब काळा पोशाख, पाठ आपल्याकडे, समोर रोमच्या वास्तू आणि समुद्र. चेहराच नाही, त्यामुळे तो 'दिसतोय की नाही' हा प्रश्नही नाही. तिच्या खांद्यावरून आपण तेच बघतो जे ती बघते.

सेनेगलचे छायाचित्रकार ओमर व्हिक्टर दियोप तर रानात जातच नाहीत. 2021च्या 'अलेगोरिया'त स्टुडिओत काढलेली स्वतःची प्रतिमा ते झाडापानांच्या, प्राण्यांच्या चित्रांत बसवतात. निसर्ग फक्त पुस्तकातल्या चित्रांतच उरला तर, अशी त्यामागची धास्ती आहे. खरं सांगायचं तर तिथे ओली माती नसल्याचं थोडं चुकचुकतं, पण मुद्दाही तोच आहे.

अमेरिकी छायाचित्रकार नोना फॉस्टीन यांच्या 'व्हाइट शूज' या मालिकेपाशी मात्र थांबावंच लागतं. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरीच्या खुणा जिथे जिथे गाडल्या गेल्यात तिथे त्या 2012 पासून जवळजवळ दशकभर उभ्या राहिल्या, बहुतेकदा उघड्या देहाने, पायांत फक्त पांढरे बूट. वॉल स्ट्रीटवर 1711 ते 1762 या काळात माणसांचा बाजार भरायचा. तिथे रस्त्याच्या मधोमध लाकडी खोक्यावर त्या उभ्या आहेत, लिलावात उभं करतात तशा. दुसऱ्या एका फोटोत ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर अटलांटिकच्या खडकांवर देह पडलेला आहे, जहाजाने ओकून टाकल्यासारखा. तो समुद्र बघून सुंदर म्हणवत नाही. 1850 मध्ये दक्षिण कॅरोलायनात जोसेफ झीली या फोटोग्राफरने गुलाम माणसांना विवस्त्र उभं करून डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचे फोटो, काढले होते, हार्वर्डचे प्राध्यापक अगॅसिझ यांना वंशांविषयीचे सिद्धान्त मांडायला पुरावा हवा होता म्हणून. त्यातल्या रेंटी आणि डेलिया या बापलेकीला कुणी विचारलं नव्हतं. फॉस्टीन यांचा उघडा देह त्या प्लेट्सना दिलेलं उत्तर वाटतो, कारण इथे कुठे उभं राहायचं, किती वेळ, आणि शटर कधी पडायचं, हे तिचं तिने ठरवलंय. 2024 मध्ये ब्रुकलिन म्युझियमने ही मालिका भिंतीवर लावली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.

पुन्हा त्या दोन स्टॉपकडे. अमेरिकी छायाचित्रकार डाउड बे यांनी 2017 मध्ये ओहायोत काही फोटो काढले. त्यात माणूस एकही नाही, कुंपणं, घरं, झाडं, आणि शेवटी एरी सरोवराचं पाणी. गुलामगिरीतून पळणारे लोक ज्या वाटांनी रात्री उत्तरेकडे गेले त्या वाटा. फोटो दिवसा काढलेले आहेत पण प्रिंट इतके गडद, की समोर उभं राहून डोळे सरावल्याशिवाय झाडाची खोडं वेगळी होत नाहीत. तिथे अंधार वैरी नाही. अंधारामुळे माणूस वाचतो. बे यांना ही गडद प्रिंटची वाट न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे छायाचित्रकार रॉय डिकारावा यांच्याकडून मिळाली, ज्यांनी आयुष्यभर काळ्याच्या आतले काळे वेगळे करून दाखवले. हे सगळं डोळ्यांखालून गेल्यावर रानातला गडद चेहरा 'उजळून घ्यावा' असं वाटेनासं होतं. रान त्याला झाकतंय की गिळतंय, हे फोटोगणिक वेगळं आहे आणि बघणाऱ्याला तिथेच थांबून ठरवावं लागतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. नातं जुनं आहे. आणि लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा रंग दोन छटा उजळून देणारे स्टुडिओ आपल्या प्रत्येक गावात आहेत. न सांगता, सद्भावनेने, त्याच दरात.

म्हणून कुणी सावळं, काळंसावळं माणूस पावसाळ्यातल्या सह्याद्रीत ट्रायपॉड रोवून स्वतःचा फोटो काढणार असेल, तर शेवटचा टप्पा तेवढा सांभाळावा. कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड कमी करून मगच फाइल तयार करावी, लखलखत्या पडद्यावर बरोबर दिसलेला फोटो कागदावर बुडतो. मॅट कागद दिसायला देखणा, पण त्याचा काळा पुरेसा खोल जात नाही, त्यामुळे त्वचेतल्या जवळजवळच्या गडद छटा एकमेकींत मिसळतात. बरायटा (काळा खोल दाखवणारा फोटो-कागद) किंवा ग्लॉसी कागदावर त्या सुट्या राहतात. आधी फक्त चेहऱ्याचा आणि त्यामागच्या पानांचा चार इंची तुकडा छापून घ्यावा, आणि तो लॅबच्या ट्यूबलाइटखाली न बघता दारात, दिवसाच्या उजेडात बघावा. गालाखालची सावली आणि मानेची सावली वेगळी ओळखता आली तर मोठा प्रिंट काढायला हरकत नाही. ऑर्डर देताना मात्र 'करेक्शन करू नये' असं फाइलच्या नावातच लिहावं, तोंडी सांगू नये. मशिनवरचा मुलगा चांगलाच असतो, आणि चेहरा गडद दिसला की त्याचा हात आपोआप उजेडाच्या बटणाकडे जातो.